कच्चा दुवा

१९४५ साली ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओने 'डेड ऑफ नाइट' नावाचा भयपट काढला. पाच गोष्टी, आणि त्या पाचांना बांधून ठेवणारी सहावी. हाच चित्रपट अमेरिकेत लागला तेव्हा तिथल्या वितरकांनी त्यातल्या दोन गोष्टी सरळ काढून टाकल्या. एक नाताळच्या पार्टीत लपंडाव खेळणाऱ्या मुलीची, दुसरी गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची. वरवर पाहता कापणाऱ्याचं चुकलं असं म्हणवत नाही. गोल्फची गोष्ट त्या चित्रपटातली सगळ्यात कच्ची, हे बहुतेक जण आजही मान्य करतील. दोन मित्र एका मुलीसाठी गोल्फची मॅच लावतात, हरलेला तळ्यात चालत जाऊन जीव देतो, जिंकणाऱ्याने लबाडी केली होती म्हणून भूत होऊन परत येतो, आणि मग अदृश्य व्हायला हातवारे नेमके कसे करायचे हेच त्या भुताला आठवत नाही. भीती औषधालाही नाही. ती गेली, चित्रपट आटोपशीर झाला. आणि तरीही हा आटोपशीर चित्रपट मूळच्यापेक्षा वाईट आहे. वाईट भाग काढल्यावर उरलेलं चांगलं व्हायला हवं होतं, ते का झालं नाही, हा प्रश्न मनातून जात नाही.

पहिलं कारण उघड आहे. वॉल्टर क्रेग नावाचा आर्किटेक्ट कामानिमित्त एका खेड्यातल्या घरी येतो. दिवाणखान्यात बसलेल्या सगळ्यांना आपण स्वप्नात पाहिलंय असं सांगतो, आणि मग तिथला एकेक जण आपापला अनुभव सांगू लागतो. शेवटी क्रेगचं दुःस्वप्न सुरू होतं आणि तो त्या ऐकलेल्या गोष्टींमधूनच धावत सुटतो. लपंडावाच्या पार्टीत शिरतो, माळ्यावर त्या मुलीवर हात उगारतो, बोलक्या बाहुल्यापर्यंत जाऊन पोहोचतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ती पार्टी दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्यापुढे आली ती कधीच न सांगितलेल्या गोष्टीची आठवण. त्यानंतर क्रेगला जाग येते, फोन वाजतो, आणि तो पुन्हा त्याच रस्त्याने त्याच घराकडे निघतो. (या गोल फिरून येणाऱ्या शेवटामुळे विश्वाला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही अशा मांडणीकडे आपण वळलो, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल सांगत असे. भयपटाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.) इतकं नेटकं वर्तुळ, त्यातले दोन तुकडे काढले की ते वर्तुळ राहत नाही.

दुसरं कारण मात्र गोष्टींचा क्रम डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय दिसत नाही. गोल्फच्या आधी रॉबर्ट हेमरने केलेली आरशाची गोष्ट आहे: भेट मिळालेल्या जुन्या आरशात एका माणसाला स्वतःच्या खोलीऐवजी दुसरीच खोली दिसू लागते, आणि त्या खोलीतला जुना खुनी हळूहळू त्याच्या अंगात उतरतो. गोल्फच्या नंतर आल्बेर्तो काव्हालकांतीने केलेली शब्दभ्रमकाराची गोष्ट आहे: मायकल रेडग्रेव्हच्या हातातला ह्यूगो नावाचा बाहुला हळूहळू मालकाचाच ताबा घेतो. दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच. एक वस्तू, एक माणूस, आणि वस्तूने माणसाला गिळणं. या दोन्ही पाठोपाठ लावा, प्रेक्षकाला दुसरीचा शेवट पहिल्या पाच मिनिटांत कळेल. मध्ये दोन गोल्फवाले गाढवपणा करून जातात, लोक हसतात, आरसा थोडा मागे पडतो, आणि मग बाहुला समोर येतो तेव्हा तो नवा वाटतो. शिवाय ही गोष्ट सांगतो कोण, तर घराचा यजमान. पाहुणे फार घाबरलेत, वातावरण जरा हलकं करावं म्हणून. पटकथेलाच माहीत होतं की ही गोष्ट हलकी आहे.

म्हणजे कच्ची गोष्ट कामाला होती.

अनेक कथांचे भयपट, ज्यांना सर्रास अँथॉलॉजी म्हटलं जातं, त्यांच्याबद्दलची तक्रार शंभर वर्षं एकच आहे: दोन चांगल्या, एक बरी, बाकी भरती. तक्रार खोटी नाही. पण ती करणारी माणसंच पुढचा असा चित्रपट आला की पहिल्यांदा बघतात. भयकथेचा मूळ जीव लहान असतो, हे त्यामागचं कारण. भीती एका कल्पनेतून येते. आरशात दुसरी खोली दिसते, एवढंच. ही कल्पना दीड तास ताणायची तर ती समजावून सांगावी लागते, आणि म्हणून साठाव्या मिनिटाच्या आसपास कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं चाळायला लागतं, कुणी म्हातारा गावाचा इतिहास सांगतो, घराच्या आधीच्या मालकाचा फोटो सापडतो. तिथे भीती संपते आणि चौकशी सुरू होते. वीस मिनिटांच्या गोष्टीला हा चौकशीचा भाग परवडतच नाही, आणि तेच तिचं भाग्य. दुसरं म्हणजे मरण. पूर्ण लांबीच्या चित्रपटात नायिका ऐंशी मिनिटं सुरक्षित आहे हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. छोट्या गोष्टीत कुणालाच असं संरक्षण नाही. प्रसिद्ध चेहरा असला तरी तो पंधराव्या मिनिटाला जाऊ शकतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याची गरजच नसते.

पण याच लहानपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती मिनिटांत मोजता येते. १९७२ चा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' सुमारे ९२ मिनिटांचा आहे. पाच गोष्टी आणि त्यांना जोडणारा तळघराचा प्रसंग. प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला सोळा-सतरा मिनिटं येतात. त्यातली पहिली चार-पाच मिनिटं माणसं कोण, नाती काय, घर कुठलं हे सांगण्यात जातात. शेवटची दोन-तीन धक्क्याची. भीती साठवायला उरतात नऊ-दहा. पूर्ण चित्रपटात ओळख एकदाच करून द्यावी लागते, इथे पाच वेळा. आणि पहिल्या गोष्टीत प्रेक्षकाने दिलेला विश्वास दुसऱ्या गोष्टीत चालत नाही, तो पुन्हा शून्यापासून मिळवावा लागतो. आधीचं मेलेलं माणूस अजून डोक्यात असतं आणि पडद्यावर नवीनच कुटुंब जेवायला बसलेलं असतं. या सांध्यावर प्रेक्षक निसटतो. बाहेरून बघताना आपण म्हणतो की दुसरी गोष्ट पडली. पुष्कळदा ती पडलेली नसते, ती फक्त दुसरी असते.

दुसऱ्या टोकाला २०१२ चा 'द एबीसीज ऑफ डेथ' आहे. इंग्रजी अक्षरं २६, दिग्दर्शक २६, प्रत्येकाला एक अक्षर आणि ठरावीक छोटी रक्कम, सगळं मिळून दोन तासांच्या आसपास. म्हणजे प्रत्येकी पाच मिनिटंसुद्धा नाहीत. इतक्या वेळात माणूस उभा करता येत नाही, आणि माणूस नाही तर त्याच्यासाठी घाबरणंही नाही. मग उरतात दोन गोष्टी: विनोद आणि किळस. बहुतेकांनी त्यातलीच एक उचलली, काहींनी दोन्ही. सलग बघितला तर हा चित्रपट दमवतो. तो दर काही दिवसांनी दोन-तीन अक्षरं असा बघावा. आणि या सगळ्याच्या विरुद्ध मासाकी कोबायाशीचा 'क्वाइदान' (१९६४): १८३ मिनिटांत चारच गोष्टी. प्रत्येकीला सरासरी पाऊण तास. तिथे आकाशावर रंगवलेले प्रचंड डोळे आहेत, तोरू ताकेमित्सूचं संगीत लाकूड तडकल्यासारखं मधूनच येतं आणि मग बराच वेळ काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ही शांतता विकत घ्यायला पाऊण तास लागतो. सोळा मिनिटांच्या गोष्टीत कुणी इतकं गप्प राहिलं तर प्रेक्षकाला आवाज गेला असं वाटेल.

कमी वेळात विश्वास मिळवायचे रस्ते आहेत, आणि ज्यांच्या गोष्टी लक्षात राहिल्या त्यांनी ते नेमके शोधलेत. डॅन कर्टिसचा 'ट्रिलॉजी ऑफ टेरर' (१९७५) हा टीव्हीसाठी केलेला चित्रपट, तिन्ही गोष्टींत मुख्य भूमिका कॅरन ब्लॅकचीच. पहिल्या दोन गोष्टी कुणाला धड सांगता येत नाहीत. तिसरी, रिचर्ड मॅथेसनची, एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. एक बाई, एक फ्लॅट, एक लाकडी बाहुली. बाहुलीच्या अंगावरची साखळी निघाली तर आतला शिकारी मोकळा होतो, हा एवढाच नियम. त्या बाईचं एकटेपण, आईचा धाक, मित्राचा वाढदिवस, बाहुली कुणासाठी घेतली, हे सगळं आपल्याला एका फोनवरच्या बोलण्यातून कळतं, तेही एकाच बाजूच्या. ओळख संपली. उरलेला सगळा वेळ पळापळीला. कॅमेरा जमिनीलगत धावतो, कारण बाहुलीची उंची तेवढीच आहे, आणि सोफ्याखालचा अंधार त्या दिवसापासून वेगळा दिसू लागतो. जॉर्ज मिलरने 'ट्वायलाइट झोन: द मूव्ही' (१९८३) मध्ये याहून पुढची युक्ती केली. त्याची विमानातली गोष्ट सुरू होते तेव्हा नायक आधीच शौचालयात कोंडून घेऊन थरथरत असतो आणि हवाईसुंदरी दाराबाहेरून त्याची समजूत काढत असते. शांत माणूस घाबरट कसा झाला हे दाखवण्याचे टप्पे त्याने सुरुवातीलाच ओलांडले. जॉन लिथगोचा घामेजलेला चेहरा पहिल्या मिनिटापासून कळसाला असतो आणि तरीही पुढे चढतो.

थायलंडच्या '४बिया' (२००८) मधली पहिली गोष्ट आणखी कंजूष आहे. पाय मोडून घरात अडकलेली मुलगी आणि तिच्या मोबाइलवर येणारे अनोळखी संदेश. संवाद जवळजवळ नाहीत. प्लास्टरमुळे ती पळू शकत नाही हे सांगावं लागत नाही, ते दिसतं. एक जागा, एक अडचण, एक नियम. ज्या गोष्टी फसतात त्यांत बहुतेकदा दोन नियम असतात. भूत आरशातूनही येतं आणि फोनवरूनही बोलतं, शापही आहे आणि शास्त्रज्ञही आहे. वीस मिनिटांत दोन नियम शिकवले की प्रेक्षक घाबरायचं सोडून टिपणं काढायला लागतो.

आता धक्क्याचं. या प्रकाराच्या शेवटच्या क्षणाला कलाटणी हवीच, ही सवय बरीचशी अमेरिकेतल्या ईसी कॉमिक्समधून आली. बिल गेन्स आणि अल फेल्डस्टाइन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेल्या या भयचित्रकथा सहा ते आठ पानांत संपायच्या. पापी माणूस, त्याचं पाप, आणि शेवटच्या चौकोनात त्याच पापाला साजेशी शिक्षा. पानांत हे चालतं, कारण वाचणारा एका बैठकीत एखाददुसरीच वाचून अंक बाजूला ठेवू शकतो. पडद्यावर एका बैठकीत पाच दिल्या की तिसऱ्या गोष्टीपासून प्रेक्षक पुढे असतो आणि चित्रपट मागे. माणूस वाईट आहे एवढं कळलं की शिक्षा कशी येणार याचाच हिशेब सुरू होतो. ब्रिटनच्या अमिकस कंपनीने, म्हणजे मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या जोडीने, १९६५ ते १९७४ मध्ये असे सात चित्रपट काढले, त्यांतले दोन थेट ईसीच्या कथांवर. त्यांचा हिशेब व्यापारी होता आणि चांगला होता: मोठा नट काही दिवसांपुरताच घ्यायचा, एक गोष्ट उरकायची, पुढच्या गोष्टीला दुसरा नट. पोस्टरवर पाच-सहा नावं, खर्च एका साध्या चित्रपटाचा.

'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' मधल्या दोन गोष्टी या कलाटणीच्या यंत्रातून निसटल्या, आणि दोन्ही वेगळ्या वाटेने. एकीत पीटर कुशिंगने केलेला ग्रिम्सडाइक आहे: एकटा, गरीब, मुलांना आवडणारा म्हातारा. शेजारचे श्रीमंत बापलेक त्याला हुसकण्यासाठी एकेक आधार काढून घेतात. आधी कुत्री, मग नोकरी, मग मुलांचं येणं, आणि शेवटी व्हॅलेंटाइनच्या दिवशी पत्रांचा गठ्ठा, प्रत्येकात एक विषारी कविता. इथे शिक्षा आधीच ठाऊक असते, पण त्याने काही बिघडत नाही, कारण आपलं लक्ष शिक्षेकडे नसतंच. कुशिंगची स्वतःची पत्नी थोड्याच काळापूर्वी वारली होती आणि पडद्यावरचा म्हातारा मेलेल्या बायकोच्या फोटोशी बोलतो. ते बघताना भयपट चाललाय हे विसरायला होतं. दुसरी गोष्ट अंधांच्या आश्रमाची. नवा व्यवस्थापक स्वतः ऐषारामात राहतो आणि त्यांच्या जेवणात, कोळशात काटकसर करतो. ते अंध लोक सूड घेतात, आणि हा सूड धक्का नाही, सुतारकाम आहे. व्यवस्थापक एका खोलीत बंद, त्याचा शिकारी कुत्रा शेजारच्या खोलीत उपाशी. पलीकडे फळ्या ठोकण्याचा आवाज. दार उघडतं तेव्हा अरुंद वाकडी वाट दिसते, दोन्ही भिंतींना दाढीची पाती लावलेली. तो अंग चोरून जातो, पलीकडे कुत्रा सुटतो, आणि मग कुणीतरी दिवा घालवतं. सगळं साहित्य आधी दाखवलंय, काहीही लपवलेलं नाही. मला कलाटणीपेक्षा ही मांडणी नेहमीच जास्त भीतीदायक वाटते.

राहिली चौकट.

गोष्टींना जोडणारा धागा हा या चित्रपटांचा सगळ्यात आळशीपणे केलेला भाग असतो. अमिकसच्या 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स' (१९६५) मध्ये रेल्वेच्या डब्यात पाच प्रवासी आणि त्यांचं भविष्य पत्त्यांवर सांगणारा सहावा. उतरल्यावर कळतं की ते सगळे आधीच मेलेले आहेत. उत्तम. मग 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' मध्ये तळघरात वाट चुकलेले पाच जण. तेही मेलेले. मग 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' (१९७३) मध्ये लिफ्टमधून खाली उतरलेले पाच पुरुष. सांगायलाच नको. चौकटीचा शेवट ठाऊक झाला की ती नुसती मधली जागा उरते, जिथे प्रेक्षक पाय मोकळे करतो. चौकट कशी असावी हे आपल्याकडे वेताळाच्या गोष्टींनी कधीच दाखवून दिलंय. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोकं फुटेल, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत काहीतरी घडतं, राजाचं काहीतरी जातं. आणि शेवटी एक गोष्ट अशी येते जिचं उत्तर राजाला सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यानेच चौकट पुढे सरकते. गोष्ट कच्ची असली तरी ती खांद्यावर वजन टाकून जाते. 'डेड ऑफ नाइट' हे जमवतो. क्रेग प्रत्येक गोष्टीगणिक जास्त अस्वस्थ होतो, निघून जायला बघतो, थांबतो. २०२० च्या पहिल्याच दिवशी आलेल्या हिंदी 'घोस्ट स्टोरीज' ने चौकटच ठेवली नाही: झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी, करण जोहर, एकापाठोपाठ चार लघुपट. मग तुलना अटळ झाली. दिबाकरच्या गोष्टीला बाकीच्या तिघांशी जोडणारं काहीच नसल्याने ती बाकीच्यांना उचलत नाही, फक्त लाजवते.

क्रमाबद्दल एक जुनी समजूत आहे: दुसऱ्या नंबरची चांगली गोष्ट आधी, सगळ्यात चांगली शेवटी, कच्ची मध्ये. ती बरोबर आहे, पण अपुरी. मारिओ बाव्हाच्या 'ब्लॅक सॅबथ' (१९६३) चं उदाहरण घ्या. मूळ इटालियन आवृत्तीत आधी टेलिफोनची गोष्ट, मग बोरिस कार्लोफ या नटाने केलेल्या रक्तपिपासू आजोबांची लांबलचक गोष्ट, आणि शेवटी 'पाण्याचा थेंब': मृतात्म्यांशी बोलणारी एक बाई मरते, तिच्या बोटातली अंगठी नर्स काढून घेते आणि घरी आल्यावर नळाचा थेंब, माशीची गुणगुण आणि ते प्रेताचं ताणलेलं हसू तिच्या मागे लागतं. खोलीत हिरवा-जांभळा प्रकाश उघडझाप करत राहतो आणि तो का येतो याची बाव्हा फारशी पर्वा करत नाही. अमेरिकन वितरकांनी हीच गोष्ट उचलून सुरुवातीला ठेवली. टेलिफोनच्या गोष्टीतलं दोन बायकांचं प्रेमप्रकरण पुसून तिथे भूत घुसवलं. रोबेर्तो निकोलोझीचं संगीत काढून लेस बॅक्स्टरचं घातलं. परिणाम असा की सगळ्यात भीषण चेहरा पहिल्या अर्ध्या तासात येऊन जातो आणि पुढचं सगळं उतरणीला लागतं. त्याच तीन गोष्टी, पण विषम वाटणाऱ्या. मूळ आवृत्तीत शेवटी कार्लोफ घोड्यावरून दौडत निरोप घेतो, कॅमेरा मागे सरकतो, आणि दिसतं की घोडा खोटा आहे, आणि हातात फांद्या घेतलेली माणसं झाडं मागे पळताहेत असं वाटावं म्हणून त्याच्याभोवती धावताहेत. हेही अमेरिकेत गेलं. भीतीच्या शिखरानंतर दिलेला हसण्याचा श्वास दोन्ही बाजूंनी कापला गेला.

कापण्याची गंमत अशी की ती नेहमी कच्च्याच गोष्टीवर येते असंही नाही. 'क्वाइदान' अमेरिकेत दाखवताना बर्फातल्या बाईची गोष्ट वगळली, जी त्या चारांतली बहुधा सगळ्यात देखणी. सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या' (१९६१) मध्ये रवींद्रनाथांच्या तीन कथा आहेत आणि मधली 'मणिहारा' ही एकटीच भुताची: दागिन्यांचा हव्यास असलेली बायको, तिचं नाहीसं होणं, आणि ते सगळं एका अंगभर पांघरलेल्या अनोळखी माणसाला सांगणारा मास्तर. बाहेरच्या देशांत हा चित्रपट 'टू डॉटर्स' म्हणून गेला, म्हणजे 'मणिहारा' वगळून. पोस्टमास्तरची हुरहूर आणि 'समाप्ती'चा गोडवा यांच्यामध्ये उभी असलेली अंधारी भिंत निघाली, आणि उरले दोन हळवे लघुपट, एकमेकांना खेटून. खुद्द 'मणिहारा'तही एक फार सुबक खोडी आहे. गोष्ट संपल्यावर तो ऐकणारा माणूस म्हणतो की कथा रंगली, पण तपशील चुकलेत, कारण त्या बायकोचा नवरा मीच. आणि नाहीसा होतो. चौकटीनेच गोष्टीवर झेप घेतली.

अनेक दिग्दर्शक असले की चित्रपट विषम होणारच, असं एक सोपं स्पष्टीकरण दिलं जातं. 'स्पिरिट्स ऑफ द डेड' (१९६८) त्याला साक्षही देतो: एडगर अॅलन पो या लेखकाच्या तीन कथा, रॉजे व्हादिम आणि लुई माल या दिग्दर्शकांचे दोन भाग सुमार, आणि मग फेलिनीचा तिसरा, ज्यात दारूच्या धुंदीतला टेरन्स स्टॅम्प रोममध्ये येतो आणि पांढरा चेंडू घेतलेली एक लहान मुलगी त्याला दिसत राहते. पण 'क्रीपशो' (१९८२) चा दिग्दर्शक एक, रोमेरो, लेखकही एकच, स्टीफन किंग, आणि कॉमिकच्या चौकटी, लाल-निळा दिवा हे सगळं सलग सारखं. तरी पाच गोष्टी पाच पातळ्यांवर. मला यामागचा खरा दोष वाटणीत दिसतो. प्रत्येक गोष्टीला सारखी मिनिटं, सारखे पैसे, सारखे दिवस द्यायचे, हे निर्मात्याला न्याय्य वाटतं, पण गोष्टी सारख्या नसतात. 'डेड ऑफ नाइट' मधली शववाहिकेच्या गाडीवानाची गोष्ट काही मिनिटांत आटपते, कारण तिच्यात एकच वाक्य आहे आणि ते बोलून झालं की थांबायला हवं. बाहुल्याची गोष्ट तिच्याहून पुष्कळ लांब चालते. पॉल लेनीच्या 'वॅक्सवर्क्स' (१९२४) मध्ये तर हे पैशाअभावी घडलं: मेणाच्या चार पुतळ्यांच्या चार कथा ठरल्या होत्या, रिनाल्दो रिनाल्दिनीची चित्रितच झाली नाही, आणि खुनी जॅकची काही मिनिटांतच उरकली. पहिल्या दोन, ऐसपैस सेटवरच्या, आज बघताना पेंगुळतात. त्या काही मिनिटांत मात्र प्रतिमा एकमेकींवर चढवत, वाकड्या सावल्यांतून पुतळा मागे लागतो आणि शंभर वर्षांनंतरही अंगावर येतो. 'क्रीपशो'च्या शेवटच्या गोष्टीचा फ्लॅट पांढराशुभ्र ठेवलाय तो उगाच नाही. झुरळ पांढऱ्यावरच दिसतं. त्या गोष्टीला मोठी कथा नको होती, पांढरा रंग आणि भरपूर झुरळं हवी होती, आणि तेवढंच तिला मिळालं.

मग प्रश्न उरतो की चांगली गोष्ट वेगळी काढून तिला हवा तेवढा वेळ दिला तर? हे करून पाहिलं गेलंय. 'थ्री... एक्स्ट्रीम्स' (२००४) मधली फ्रूट चानची 'डम्पलिंग्ज' लघुरूपातही आहे आणि पूर्ण चित्रपट म्हणूनही, दोघांचे शेवट वेगळे. चावताना होणारा तो कुरकुर आवाज दोन्हींत आहे. पण लघुरूपात तो आवाज कशाचा हे कळल्यावर सावरायला वेळच मिळत नाही, पूर्ण चित्रपटात नवऱ्याचं प्रकरण, पैसे, पोलीस असं बरंच काही मध्ये येऊन उभं राहतं. 'व्ही/एच/एस' (२०१२) मधल्या 'अमॅच्युअर नाइट' चंही तेच. बारमधून तीन मित्र एका टपोऱ्या डोळ्यांच्या, जवळजवळ मुक्या मुलीला खोलीवर आणतात. ती कोण, कुठली, एकालाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. २०१६ मध्ये तिच्यावरून 'सायरन' हा वेगळा चित्रपट निघाला, अभिनेत्री तीच, हॅना फियरमन. तिला कोंडून ठेवणारा मालक मिळाला, तिच्या जातकुळीची माहिती मिळाली. चित्रपट चांगला चालतो, कंटाळा येत नाही. फक्त अर्ध्या तासात आपण तिच्या बाजूचे होतो आणि तिने कुणाला फाडलं तरी हायसं वाटतं.